ठोका, बटई आणि ठेव

सोयाबीनची पेरणी उरकली, दोन दिवसांपासून उघाड आहे. आज पिकाचं नाही, पैशाचं लिहितो.

आमच्या मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. माझ्या काकांची अडीच एकर जमीन त्यात गेली. मोबदला आला तेव्हा घरात एवढी रक्कम पहिल्यांदाच दिसली. बँकेत तेव्हा 7 टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, एक पतसंस्था 12 देत होती. काका म्हणाले, "बापू, व्याज जास्त भेटतं ना, मग कशाला इचार करायचा?" मीही काही बोललो नाही. चार वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एक दिवस शटर बंद. काकूच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा हातात पावती होती, पैसे नव्हते. शेवटी एक एकर गहाण टाकलं.

तेव्हापासून हे समजून घेतोय. आपल्या भाषेत सांगतो.

शेत बटईने दिलं तर पीक येईल तसा वाटा, ते झाले शेअर. ठोक्याने दिलं तर रक्कम आधीच ठरलेली, पाऊस पडो न पडो. ते झालं निश्चित उत्पन्न: एफडी, पोस्टाची पत्रं, सरकारी रोखे. पण ठोका घेणाराच बुडाला तर? म्हणून दर किती हे नंतर, घेणारा कोण हे आधी पाहायचं. कुणी पाच टक्के जास्त देत असेल तर ते फुकट नसतं, त्या जोखमीचीच ती किंमत असते.

बँकेतल्या ठेवीला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. ही मर्यादा एका बँकेत एका माणसामागे असते. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आता रोखे. सरकार खर्चासाठी कर्ज काढतं, त्याचा कागद म्हणजे रोखा. आपली एफडी घेणाऱ्या बँकाही ठेवींचा काही भाग याच रोख्यांत ठेवतात. सरकारला ज्या दराने पैसा मिळतो, त्याच्या आधारावर बाकीच्यांचे दर ठरतात. नाबार्डही रोखे काढून पैसा उभारते आणि बँकांना पुनर्वित्त देते. म्हणजे आपलं पीककर्ज या बाजारापासून लांब नाही. नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर सामान्य माणूसही खातं उघडून 10 हजारांपासून सरकारी रोखे घेऊ शकतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही तीन वर्षांचा ठोका 15 हजारांनी केला आणि पुढच्या वर्षी गावात दर 18 हजार झाला, तर तुमच्या जुन्या कराराला कोण विचारेल? रोख्याचंही तसंच. व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत पडते, दर उतरले की चढते. मुदतीपर्यंत थांबलात तर ठरलेलं मिळतंच. मध्येच विकायची वेळ आली तर फटका बसू शकतो.

म्हणून आता मी मुदत हंगामाला जुळवतो. बियाणं-खताची एफडी मे अखेरीस सुटते. एक पुढच्या वर्षी, एक त्याच्या पुढच्या. कधीही सगळी रक्कम अडकत नाही. मुलीच्या नावाने किसान विकास पत्र घेतलं, 2023 च्या दराने 115 महिन्यांत दुप्पट. श्रीमंत होण्याचा हा मार्ग नाही. खत-मजुरी दरवर्षी महागते, त्यात निम्मं व्याज जातं. पण झोप लागते.

काकांचे थोडे पैसे परत आले, बाकीचे अजून अडकलेत. एक एकर मात्र गेल्या वर्षी सोडवलं. त्यात यंदा तूर आहे.

पावती कितीही गुळगुळीत असो, सही करण्याआधी एवढंच विचारा: विमा आहे का, आणि गरज पडली तर कधी मिळतील?