घरी नाहीत म्हणून सांग

रमजान ईदला भाचा नागपूरहून कारंज्याला आला तो एक यादी घेऊनच. वेस्टर्न चित्रपटांची यादी. घोडे, बंदुका, ओसाड माळ आणि मोठ्या टोप्या घातलेली माणसे. त्याच्या मित्रांमध्ये पैज लागली होती, सगळ्यांत चांगला कोणता आणि सगळ्यांत वाईट कोणता. "मामू, तुम्ही पाहिलेत ना हे? निकाल तुम्ही द्या."

पस्तीस वर्षे पेपर तपासल्यावर निकाल द्यायला कोण नाही म्हणेल?

माझी सुरुवात 'शोले'पासून. अब्बांनी मला लाल गाडीने नागपूरला नेऊन तो दाखवला होता. या चित्रपटाचे मामाघर अमेरिकेत आहे हे मला फार उशिरा कळले. सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' १९६८ चा. त्यात अंगणात एका कुटुंबाला गोळ्या घातल्या जातात, शेवटी एक लहान मुलगा उरतो, आणि गोळीच्या आवाजाला लागूनच आगगाडी येते. ठाकूरच्या घरचा तो प्रसंग आठवा. नक्कल म्हणा हवे तर, पण सलीम-जावेद यांनी त्या गावात एक माणूस असा बसवला जो इकडचाच आहे. इमामसाहेब. जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरीला निघालेला मुलगा घोड्यावर प्रेत होऊन परत येतो. गाव म्हणते, त्या दोघांना गब्बरच्या हवाली करा. डोळ्यांनी न दिसणारा बाप गावाला थांबवतो आणि नमाजला निघून जातो. ए. के. हंगल यांचे ते काम. अब्बा त्या वेळी थिएटरात उपरण्याने डोळे पुसत होते.

वाईटाचा निकाल सोपा वाटला होता. भाच्याने 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट' (१९९९) लिहिला होता. त्यात लोखंडाचा राक्षसी कोळी चालतो आणि कथा त्याच्या पायाखाली जाते. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाचे रॅझी त्यालाच मिळाले. आपल्याकडचा नमुना हवा असेल तर 'शोले'वरूनच काढलेला 'राम गोपाल वर्मा की आग' आहे, २००७ चा. पण हे चित्रपट नुसते फसलेले. फसलेल्याला मी वाईट म्हणत नाही, तो नापास. मी वाईट म्हणून नाव घेतले 'स्टेजकोच'चे. भाचा उडालाच. १९३९ चा, जॉन फोर्डचा, सगळे डोक्यावर घेतात तो! बांधणी उत्तम आहे, मान्य. पण टेकडीवरून अपाचे लोक येतात ते फक्त घोड्यावरून पडून मरायला. त्यांना नाव नाही, घर नाही, आई नाही. जमीन त्यांची, आणि पडद्यावर तेच घुसखोर. एखाद्या जमातीला असे नुसते टोळके करून दाखवले की ते पाहणारा कोणत्या बाजूला बसला आहे यावर मजा ठरते. भाचा गप्प झाला, मग म्हणाला, "बरं, हा मुद्दा लिहून घेतो."

मग 'हाय नून' लावला. १९५२ चा, फ्रेड झिनेमानचा, पंच्याऐंशी मिनिटांचा. मी तो पूर्वी पाहिला होता. भाच्याचे मत, फार संथ, शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत गोळीच नाही. मार्शलचे त्याच सकाळी लग्न झालेले, नोकरी सोडून तो निघालेला. बाराच्या गाडीने त्याचा जुना वैरी येणार. चित्रपटभर भिंतीवरची घड्याळे पुढे सरकतात आणि तो दारोदार माणसे मागतो. भर प्रार्थनेत चर्चमध्ये जातो. तिथे त्याचे कौतुक होते आणि शेवटी सल्ला मिळतो, तू गाव सोड. एक मित्र घरातच लपतो आणि बायकोला दारात पाठवतो. घरी नाहीत म्हणून सांग.

या प्रसंगाला आमची बेगम उठून स्वयंपाकघरात गेली.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका वर्गमित्राने संत्र्याची बाग उभ्या बहाराने एका व्यापाऱ्याला दिली. भाव माझ्यासमोर ठरला, इसार माझ्यासमोर दिला, कागद काही केला नाही. माल उतरल्यावर व्यापारी वेगळाच भाव सांगू लागला. दुसऱ्या दिवशी चार माणसे बसणार होती आणि साक्षीदार मी एकटा. मित्र इशाच्या नमाजनंतर आला. पण माझ्या बहिणीच्या लग्नाला त्याच व्यापाऱ्याने मला उसने पैसे दिले होते, आणि ते फिटायचे होते. मी मागच्या खोलीत बसलो. बायको दारात म्हणाली, "घरी नाहीत, नागपूरला गेलेत." उंबऱ्याशी माझ्या चपला होत्या. त्याने त्या पाहिल्या. "बरं भाभी," म्हणाला आणि गेला. पैसे त्याला निम्मेच मिळाले. पुढे ती बाग त्याने तोडली, आता तिथे सोयाबीन असते. स्टँडवर भेटला की अजून "काय गुरुजी" म्हणतो, आणि हे गुरुजी बसची पाटी वाचू लागतात.

त्या बहिणीचाच हा मुलगा. त्याला यातले काही ठाऊक नाही.

चित्रपट संपला. मार्शलने बिल्ला धुळीत टाकला. भाचा म्हणाला, "मामू, त्या दारातल्या बाईचा काय दोष? नवऱ्याने सांगितलं म्हणून ती खोटं बोलली."

आतून आवाज आला, "तिचा चेहरा पाहिलास का?"

"एक नंबरला काय लिहू? शोलेच ना?"

"हाय नून लिही," मी म्हणालो. "शोले दोन नंबरला."

"इतका संथ असून?"

तेवढ्यात बेगम चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता मला म्हणाली, "त्यांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा अजून गेला नाही. दरवर्षी पोरांच्या हाती पाठवतो. या वेळी तुम्ही घेऊन जा."

मी चपला शोधू लागलो.