तळाशी कुणाचं काय

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मग तळाशी पडलेल्या जहाजाचं नाव तरी का विचारावं? उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत अशी निनावी जहाजं बरीच आहेत. लाकूड पोखरणारी समुद्रातली जहाजकिडी गोड्या पाण्यात जगत नाही, त्यात पाणी थंडगार. म्हणून दीडशे वर्षांनीही काहींच्या डोलकाठ्या उभ्या सापडतात. हौशी पाणबुडे नुसते भोवती फिरून वर येतात. संशोधक मात्र लांबी मोजतात, मुख्य तुळई चाचपतात, कारण 1867 नंतर अमेरिकी जहाजांचा नोंदणी क्रमांक तिच्यावर कोरत असत.

ही म्हण बहुधा मूळ बघून आलेल्यानंच केली असावी. आमच्या नागपुरातल्या पिवळी नदीचं मूळ गोरेवाडा तलाव, हे इथं कुणीही सांगेल. सांगून तिचं काही भलं झालेलं नाही. ऋषीनं कूळ आपणहून सोडलेलं असतं, त्याला विचारणं आगाऊपणाच. जहाजानं मात्र नाव सोडलं नव्हतं. त्या नावानं कुणीतरी धक्क्यावर त्याची वाट पाहिली असणार.

पण जरीपटक्यात, या सिंधी निर्वासितांच्या वस्तीत राहून हे इतक्या ठामपणे म्हणवत नाही. शेजारच्या अम्मा सक्खरच्या. फाळणीत, लहानपणी, कराचीहून मुंबईला जहाजानं आल्या. जहाजाचं नाव मी एकदा विचारलं. "जहाज था, बेटा. बड़ा था." एवढंच. सिंधूच्या घाटाबद्दल मात्र त्या तासभर बोलतात. नाव मलाच हवं होतं, ज्याचं त्या प्रवासात काहीच बुडालं नव्हतं.

महासरोवरांत आता क्वागा शिंपले माजलेत. काळ्या समुद्राकडचे, 1980 च्या दशकात मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आले. ते पाणी गाळून नितळ करतात, त्यामुळे पाणबुड्याला पूर्वीपेक्षा लांबचं दिसतं. आणि तेच शिंपले तुळईवर थर चढवून कोरलेला आकडा झाकतात. हे बरं झालं की वाईट? मला ठरवता येत नाही. अम्मांना विचारलं असतं, तर त्यांनी चहा घेणार का, असं विचारलं असतं.

फ्रेंच प्रवासी ला साल याचं 'ग्रिफॉन' 1679 च्या सप्टेंबरात जनावरांची कातडी भरून परतीला निघालं आणि गडप झालं. तेव्हापासून महासरोवरांत कुठं जुनं लाकूड दिसलं की कुणीतरी 'ग्रिफॉन' म्हणून हाक मारतं. त्यातला एकही दावा अजून सर्वमान्य झालेला नाही.