डॅशबोर्डचा उजेड

रात्री स्पीडोमीटरचा काटा दिसत नाही, अशी बाबांची तक्रार. म्हणून त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डमध्ये मी एलईडी बसवले. दोन पेटेनात; एलईडीला प्लस-मायनस लागतं, उलटे फिरवल्यावर लागले. चार्जिंगचा लाल दिवा मात्र मेकॅनिकने बदलू दिला नाही. "आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट या बल्बमधूनच जातो. एलईडीतून तेवढा जाणार नाही, बॅटरी उतरेल."

अंधार पडल्यावर बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. काटा लख्ख दिसत होता. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी गाडी थांबवली.

"काटा दिसतोय रे," ते म्हणाले, "रस्ता दिसत नाही."

आणि किल्ली माझ्या हातात दिली.