अर्धा ऑक्सिजन

"आई, पाण्याची निर्मिती अभिक्रिया लिहून दाखव," लेक म्हणाली. मी लगेच लिहिली. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, तयार होतात पाण्याचे दोन. दहावीला मराठी माध्यमात हेच समीकरण घोटलं होतं. तिने त्यावर काट मारली.

मी कॉमर्सची. भांडुपला एका कंपनीत हिशेब लिहिते. लेक घाटकोपरला बारावी सायन्सला आहे. रसायनशास्त्राच्या चौथ्या धड्यात, उष्मागतिकीत, ती अडली होती. क्लासची फी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी तो धडा घेऊन बसायचो.

माझं समीकरण संतुलित होतं, तरी चूक कसं? निर्मिती अभिक्रियेत संयुगाचा एकच मोल तयार झाला पाहिजे, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे हायड्रोजन एक आणि ऑक्सिजन अर्धा. अर्धा! शाळेत बाईंनी अपूर्णांक काढून टाकायला शिकवलं होतं, आणि इथे तो मुद्दाम ठेवायचा. दोन रात्री मला हे पटेना. उष्णतेचा आकडा, पाण्यासाठी उणे २८५.८ किलोज्यूल, एका मोलमागे दिलेला असतो, हे कळलं तेव्हा पटलं. दोन मोल लिहिले तर आकडाही दुप्पट धरावा लागतो. दर एका नगाचा आणि बिल दोन नगांचं, असा घोळ मी ऑफिसात कधी चालू देत नाही.

दुसरी अट होती डाव्या बाजूची. तिथे फक्त मूलद्रव्यं हवीत, तीही प्रमाण अवस्थेत: १ बार दाब आणि बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमान. त्या स्थितीत मूलद्रव्याचं जे सर्वांत स्थिर रूप असेल ते घ्यायचं. ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू. कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात, हिऱ्याच्या नव्हे. हिऱ्याची निर्मिती उष्णता शून्य नसून अधिक १.९ किलोज्यूल आहे, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

पण मूलद्रव्यांच्या स्थिर रूपांची निर्मिती उष्णता शून्य का? इथे लेकीने मला समजावलं. "गावी जाताना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना? कळसूबाई १६४६ मीटर म्हणतो, ते समुद्राला शून्य मानून. मूलद्रव्यं म्हणजे आपला समुद्र."

मग युरिया आला. ग्रॅफाइट, अर्धा ऑक्सिजन, एक नायट्रोजन, दोन हायड्रोजन, आणि उजवीकडे युरियाचा एक मोल. मी विचारलं, चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये असंच करतात का? नाही. तिथे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया बनतो. निर्मिती अभिक्रिया प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात प्रत्यक्ष घडायलाच हवी असं नाही. ती हिशेबाची नोंद असते. माझ्या मते धडा हे वाक्य सांगूनच सुरू व्हायला हवा. मुलं निम्मी तिथेच गोंधळतात.

हिशेब म्हटल्यावर मात्र माझा हात चालू लागला. १८४० साली हेस या शास्त्रज्ञाने मांडलेला नियम सांगतो की उष्णतेचा एकूण बदल वाटेवर अवलंबून नसतो. सुरुवात आणि शेवट पक्के असले की पुरे. आमच्या ओट्यावर पाइप गॅस आहे, म्हणजे मुख्यतः मिथेन. आम्ही त्याच्याच ज्वलनाची बेरीज मांडली. कार्बन डायऑक्साइडचे उणे ३९३.५. द्रवरूप पाण्याचे दोन मोल, म्हणून उणे ५७१.६. त्यातून मिथेनचे स्वतःचे उणे ७४.८ वजा. ऑक्सिजन मूलद्रव्य, त्याचं शून्य.

उत्तर उणे ८९०.३ आलं. लेकीने पुस्तकातला तक्ता उघडला. मिथेनच्या ज्वलनापुढे उणे ८९० छापलेलं होतं.