३.३ व्होल्टची कॅसेट

संपादकांनी जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी दुरुस्ती करणारा माणूस. गेल्या उन्हाळ्यात हाती आलेली एक कॅसेट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळायचे ते गेम बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. त्याची ६० पिनांची कॅसेट या नकलांतही बसते, आणि आज काही तरुण अशा कॅसेट घरी बनवतात. त्यांच्यापैकीच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. गेम त्याने स्वतः ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत लिहिलेला होता. या वयात असेंब्ली लिहिणारा मुलगा भेटला की मला फार बरं वाटतं. गेम संगणकावर निर्दोष चालायचा. यंत्रात मात्र थोड्या वेळाने चित्रं फुटायची. संगीत तेवढं सुरळीत.

ही खूण महत्त्वाची. कॅसेटमध्ये दोन स्वतंत्र मेमरी असतात. एकीत प्रोग्रॅम, ती प्रोसेसर वाचतो. दुसरीत चित्रांचे तुकडे, ते चित्र काढणारी चिप, म्हणजे पीपीयू, वाचते. संगीत चालू आहे म्हणजे प्रोग्रॅम शाबूत आहे. पडदा सुरुवातीपासूनच कोरा असेल, तर मी आधी फाइल तपासतो. साध्या गेमची फाइल ४०,९७६ बाइटची असते: ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं आणि वर १६ बाइटचा मथळा. हा मथळा संगणकावर गेम चालवणाऱ्या एम्युलेटरसाठी असतो. तो न काढता चिप लिहिली, तर सगळं १६ घरं पुढे सरकतं आणि प्रोसेसरला सुरुवात कुठून करायची तो पत्ताच चुकीचा मिळतो. चित्रं नीट आहेत पण पडदा सरकताना पार्श्वभूमी भलतीच येते, असं असेल तर बोर्डावरचा मिररिंगचा, म्हणजे पार्श्वभूमी कोणत्या दिशेने पुन्हा दिसावी हे ठरवणारा, सोल्डर-जोड उलटा असतो. मेमरी म्हणून वापरलेली ईप्रॉम चिप जुनी असेल, तर ती अतिनील दिव्याखाली पूर्ण पुसली गेली होती का, तेही बघावं लागतं.

इतकं सांगूनही लोक पहिल्यांदा फुंकर मारतात. फुंकरीने काही दुरुस्त होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे पिनांचा संपर्क सुधारतो, आणि श्रेय फुंकरीला जातं. तोंडातली वाफ मात्र पिना गंजवते. निन्टेंडोनेही फुंकू नका असंच सांगितलं आहे.

आता त्या कॅसेटकडे येतो. बोर्ड ऑनलाइन मागवलेला होता, आणि त्यावरची चित्रांसाठीची फ्लॅश मेमरी ३.३ व्होल्टची होती. यंत्र ५ व्होल्टवर चालतं. मध्ये दोन्हींचे व्होल्ट जुळवणारा लेव्हल शिफ्टर नव्हता. या विषयावर माझे अनेकांशी वाद झाले आहेत, आणि समोरून एकच उत्तर येतं: "चालतंय ना?" त्या मुलानेही तेच विचारलं, "काका, पहिली काही मिनिटं तर चालते ना?"

चालते, पण काठावर. जुन्या टीटीएल पद्धतीच्या इनपुटला २ व्होल्टच्या वर काहीही मिळालं की तो 'एक' समजतो, तिथे ३.३ पुरतात. सीमॉस इनपुटला मात्र पुरवठ्याच्या साधारण ०.७ पट लागतात, म्हणजे ३.५ व्होल्ट. नकली यंत्रांत पुष्कळदा सगळं काळ्या एपॉक्सीच्या थेंबाखालच्या एकाच चिपमध्ये असतं. ती ३.३ ला 'एक' म्हणेल की 'शून्य', हे त्या चिपच्या घडणीवर आणि तापमानावर ठरतं.

उलट दिशेचा धोका याहून मोठा. पिना वाचवण्यासाठी पीपीयू आठ तारांवरून आधी पत्ता पाठवतो आणि मग त्याच तारांवरून चित्राचा डेटा घेतो. एकपदरी घाटात आधी वरची आणि मग खालची वाहनं सोडतात, तसं. त्यामुळे प्रत्येक वाचनाच्या वेळी ५ व्होल्टचा पत्ता थेट फ्लॅशच्या डेटा पिनांवर आदळतो. अशा अनेक चिपांच्या डेटाशीटमध्ये पिनेवरच्या दाबाची कमाल मर्यादा पुरवठ्यापेक्षा जेमतेम अर्धा व्होल्ट अधिक असते. वरचा दाब चिपमधल्या संरक्षक डायोडांतून ३.३ च्या पुरवठ्यात घुसतो. त्याचा भार फ्लॅशवरही पडतो आणि पीपीयूवरही.

मी ती फ्लॅश काढून त्या जागी ५ व्होल्टची २७सी६४ ईप्रॉम बसवली. चित्रं स्थिर झाली. पण मुलाने घरची जुनी, विकतची कॅसेट लावून पाहिली, तर तिच्यातही चित्रांवर बारीक उभ्या रेघा आल्या, आणि त्या पूर्वी नव्हत्या असं तो म्हणाला. हे त्या बोर्डामुळे झालं की यंत्राच्या वयामुळे, ते मी सिद्ध करू शकत नाही. मला संशय बोर्डाचाच आहे. एपॉक्सीखालची चिप बदलता येत नाही, त्यामुळे ते यंत्र आता तसंच राहणार.

ज्यांना अशी कॅसेट बनवायची आहे त्यांनी जरूर बनवावी. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. फक्त बोर्ड मागवण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: मेमरी किती व्होल्टची आहे, आणि लेव्हल शिफ्टर आहे का? नीट उत्तर मिळालं नाही, तर तो बोर्ड घेऊ नका.