आमच्या घरचे शोचे झाड

आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी आंबा, लिंब, पिंपळ यांच्यावर लिहिले आहे. मी क्रोटनवर लिहिणार आहे. क्रोटन म्हणजे रंगीत पानांचे झाड. आमच्या गल्लीत त्याला शोचे झाड म्हणतात.

त्याच्या एकाच फांदीला हिरवी, पिवळी, केशरी आणि लाल पाने असतात. खालची जुनी पाने तर जांभळट काळी दिसतात. पानावर कोणीतरी रंगाचे बोट झटकल्यासारखे ठिपके असतात. क्रोटनला फुले पण येतात, पण ती बारीक पांढरी असतात आणि लांब दोऱ्याला ओवल्यासारखी लोंबतात. देवाला वाहावी अशी नसतात. म्हणूनच आमच्या आजीला हे झाड आवडत नाही.

आजी म्हणते, "फूल नाही, फळ नाही, सावली नाही. शेरडाच्याबी कामाचं नाही. कशाला गं पाणी घालतीस त्याला?"

आजीचे म्हणणे काही खोटे नाही. १९७२ च्या दुष्काळात ती आमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. तिच्या आईसंगं खडी फोडायला जायची आणि लांबून डोक्यावर घागर आणायची. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आजी अजून हात धुतलेले पाणीसुद्धा मोरीत जाऊ देत नाही, तुळशीला घालते.

हे झाड माझ्या ताईने संक्रांतीला सोलापूरहून आणले. ती तिथे शिकते. जाताना मला म्हणाली, "हे आता तुझ्यापाशी. दिवाळीला आल्यावर बघते." आणि ती गेल्यावर पंधरा दिवसांत एक एक करून सगळी पाने गळाली! नुसती काडी राहिली. ताईचा फोन आला की आधी झाडाचे विचारायची. मला लई वाईट वाटायचे. आजी म्हणाली, "मेलं ते, उपटून टाक." पण आण्णांनी नखाने खोड जरासे खरवडले. आत हिरवेगार होते. आण्णा म्हणाले, "जित्तं हाय. टाकू नको."

मग मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, हे झाड मूळचे इंडोनेशिया, मलेशिया आणि तिकडच्या बेटांवरचे. गुरुजींनी नकाशात अंबोन नावाचे बेट दाखवले. तिथे वर्षाला २००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. तिथे बारा महिने उकाडा आणि दमट हवा असते. थंडी सोसत नाही आणि जागा बदललेली पण सोसत नाही म्हणून ते रुसते आणि पाने टाकते. तेव्हापासून मी कुंडी पूर्वेच्या दाराशी ठेवली आणि पुन्हा हलवलीच नाही. तिथे सकाळचे ऊन येते आणि दुपारी भिंतीची सावली पडते. मार्चमध्ये काडीला कोंब फुटले.

उजेडाची गंमत मी स्वतः पाहिली आहे. दाराच्या बाजूची पाने लाल झाली आणि भिंतीकडची हिरवीच राहिली. गुरुजींनी सांगितले की लाल पानातसुद्धा हिरवा रंग असतो, पण तो झाकलेला असतो. त्या हिरव्या रंगानेच झाड आपले अन्न तयार करते. अंधारात ठेवले तर लाल-पिवळा रंग चढत नाही.

पाण्यासाठी मात्र घरात भांडण झाले. एप्रिलमध्ये पाणी मोजून वापरावे लागते. आजी म्हणाली, "माणसाला पुरंना अन् ह्याला कुठलं?" मी म्हणाले, मी चांगले पाणी घेणार नाही, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घालीन. तेव्हा आजीच म्हणाली, "मीठ पडलेलं घालू नको, मुळं जळत्यात." मी आधी मातीत बोट घालते. वरची दोन पेरे माती कोरडी लागली तरच एक तांब्या पाणी घालते. मातीवर उसाचे पाचट पसरले आहे, त्यामुळे ओल टिकते. डब्याला खाली भोक आहे. पाणी साचले तर मुळे कुजतात.

मे महिन्यात मी आठ दिवस मामाच्या गावाला गेले होते. मनात सारखे झाडच होते. परत आले तर माती ओली! आई म्हणाली, मी नाही घातलं. आण्णा म्हणाले, मी तर शेतात होतो. आजी म्हणाली, "मला काय ठाऊक?" आणि जात्याकडे तोंड करून बसली.

उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी दिसली. आण्णा म्हणाले, "हा लाल कोळी, वांग्यावर बी पडतो. कोरड्या हवेत वाढतो." मी ओल्या फडक्याने प्रत्येक पान खालून पुसले. दर चार दिवसांनी पुसले तेव्हा कुठे गेला. आजीला ते फडके पिळलेले पाणी पण तुळशीला पाहिजे होते. मी दिले नाही, त्यात कोळी होते ना!

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवा. क्रोटनचे पान तोडले की चीक निघतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते आणि पान चावले तर पोट बिघडते. एरंड, बांधावरचा शेर आणि आपले क्रोटन एकाच कुळातले आहेत. माझा भाऊ दीड वर्षाचा आहे, म्हणून आम्ही कुंडी उंच कट्ट्यावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी रांगती लेकरे आहेत त्यांनी पण तसेच करावे.

जुलैमध्ये पाऊस लागल्यावर आण्णांनी मला वीतभर लांबीच्या तीन फांद्या कापून दिल्या. चीक पुसून, खालची पाने काढून आम्ही त्या वाळू मिसळलेल्या मातीत लावल्या. एक वाळली. दोन जगल्या. एक ताई दिवाळीला आली की सोलापूरला घेऊन जाणार आहे. दुसरी मी शाळेच्या व्हरांड्यात ठेवण्यासाठी आणणार आहे. गुरुजी हो म्हणाले आहेत. त्यासाठी एक रिकामा तेलाचा डबा पाहिजे. कोणाच्या घरी असेल तर आणा, भोक आण्णा पाडून देतील.

(इयत्ता चौथी)