बर्फातल्या माकुलाची बाजू

बर्फातली मासळी घरात आणायची नाही, हा माझा जुना हट्ट. डोळे पाणीदार हवेत, कल्ले लालभडक हवेत, बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. माकुलाचे, म्हणजे स्क्विडचे, कल्ले बाहेरून दिसतही नाहीत, तरी त्यालाही मी हीच परीक्षा द्यायला लावायची आणि टिटवाळ्यात बसून ताज्याच्या गप्पा मारायची! इथून समुद्र काही हाकेच्या अंतरावर नाही. ससून डॉकचा किंवा भाऊच्या धक्क्याचा माल आमच्या बाजारातल्या पाटीत पोचेपर्यंत बर्फातच असतो. म्हणजे मी ज्याला ताजं म्हणत होते, तेही बर्फातलंच.

आता माझं मत बदललंय. गोठवलेला बोंबील मी आजही घेणार नाही. त्याच्या अंगात पाणी इतकं असतं, की बर्फ सुटला की त्याचा लगदा होतो. माकुलाचं तसं नाही. ते मुळात मासाच नव्हे, तिसऱ्या आणि कालवांच्या कुळातलं मृदुकाय. मांस घट्ट, गोठताना बर्फाचे स्फटिक त्याचे तंतू थोडे तोडतात आणि ते उलट मऊ पडतं. आपल्या किनाऱ्यावरचं माकुल गोठवूनच स्पेन-इटलीला जातं आणि तिथले खवय्ये नाक मुरडत नाहीत.

शिवाय आमच्या गावचं वेळापत्रक. महागणपतीच्या टिटवाळ्यात मंगळवार पाळायचा, संकष्टी पाळायची, आमच्या घरी सोमवार आणि गुरुवारही. उरले बुध, शुक्र, शनि, रवि. रविवारी आणलेलं माकुल बुधवारपर्यंत टिकवायचं तर फ्रीझरला पर्याय नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तर नाहीच नाही.

दुसरं मत बदललं ते शिजवण्याबद्दल. सासूबाई मालवणकडच्या. त्यांचं माकुलाचं सुकं मंद आचेवर तासभर रटरटायचं आणि लोण्यासारखं व्हायचं. माझं पंधरा-वीस मिनिटांत उतरवलेलं मात्र चावता चावत नसे. मी दोष मालाला द्यायची. खरं कारण उष्णतेत आहे. माकुलाच्या नळीच्या भिंतीत कोलॅजेनचे थर असतात. साठेक अंशांच्या पुढे ते आकसतात, आतलं पाणी पिळून काढतात आणि रबर तयार होतं. त्यानंतर बराच वेळ शिजवलं तरच ते कोलॅजेन विरघळतं. म्हणून एक तर मिनिटा-दोन मिनिटांत उतरवा, नाही तर तासभर झाकून ठेवा. मधे थांबलात तर दात दुखतील.

माकुलाचा स्टेक करायचा तर पहिला, झटपट रस्ता. परदेशातले जाडजूड स्टेक बहुधा पेरू-मेक्सिकोकडच्या हम्बोल्ट जातीच्या माकुलाचे. ते पन्नास किलोपर्यंत वाढतं आणि त्याचं मांस विकण्याआधी यंत्रातल्या सुयांनी टोचून मऊ करतात. आपलं माकुल वीतभर, त्याला सुरी पुरते.

डोकं धरून ओढलं की आतडी आणि शाईची चंदेरी पिशवी एकदमच बाहेर येते. ती फुटू द्यायची नाही. मग आतली काचेसारखी पारदर्शक पट्टी काढायची, जांभळट ठिपक्यांची साल सोलायची आणि नळी एका कडेनं चिरून पानासारखी उघडायची. आतल्या बाजूनं सुरीच्या पाठीनं पातळ पापुद्रा खरवडायचा, मग त्याच बाजूला अर्ध्या जाडीपर्यंत तिरप्या चौकटी पाडायच्या. फडक्यानं अगदी कोरडं करायचं. ओलं राहिलं तर तव्यावर भाजण्याऐवजी उकडतं. हळद, तिखट, आलं-लसूण आधी. मीठ आणि लिंबू तव्यावर टाकताना, नाही तर पाणी सुटतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, तुकडा टाकून उलथन्यानं दाबून धरायचा, कारण तो लगेच गुंडाळायला बघतो. एका बाजूनं मिनिटभर, दुसऱ्या बाजूनं त्याहून कमी.

सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगो, कच्चाच काढलंस काय?" खाल्ल्यावर म्हणाल्या, "बरा आसा. पण सुक्याची सर नाय." ते मलाही मान्य आहे. सुकं त्यांनीच करावं.

पापलेट-बोंबलाची परीक्षा मी अजून तितकीच कडक घेते. माकुलाचं पाकीट मात्र उलटंसुलटं करून बघते. आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर ते वाटेत कुठे तरी सुटून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. ते परत ठेवते आणि शेजारचं उचलते.